ती इथं राहत नाही

या शहरात मला चेहऱ्यानं ओळखणारे फार थोडे आहेत, आवाजानं मात्र सगळे ओळखतात. केस कापायला बसलो आणि "मागून जरा बारीक" एवढं म्हणालो, की न्हावी कात्री थांबवतो आणि विचारतो, "साहेब, पाणी कधी येणार हाय?" रिक्षाच्या टपावर भोंगा, पुढं रिक्षावाला आणि मागं माईक घेऊन मी. 'नागरिकांना कळविण्यात येते की' हे माझं पोटापाण्याचं वाक्य. पाणीपुरवठा बंद, घरपट्टीत सवलत, लहान मुलांना डोस, मोकाट जनावरं, ओला कचरा, सुका कचरा, ज्येष्ठांसाठी शिबिर. जे कार्यालय बोलावील त्याच्या वतीनं मी बोलतो. शहराचं नाव बदललं तेव्हा नवं नाव गल्लोगल्ली घोषित करून मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "आज नगरात फार ऊन होतं."

तरुणपणी मी हौशी नाटकांत कामं करायचो. निरोप घेऊन येणारा सेवक ही माझी ठरलेली भूमिका. "महाराज, घात झाला" एवढंच वाक्य असायचं, पण ते मी असं म्हणायचो की महाराजांचं पुढचं भाषण कोणाच्या लक्षात राहायचं नाही. पुढं नाटकं थांबली. निरोप सुरूच राहिले.

तर श्रावण संपत आलेला असताना माझ्या हातात एक निरोप आला. आमच्याच प्रभागात अंगणवाडी मदतनीस पाहिजे. बारावी उत्तीर्ण असावी आणि त्याच प्रभागात राहणारी असावी. अंगणवाडी म्हणजे लहान मुलांची सरकारी शाळा. तिथं मदतनिसानं मुलांना घरून आणायचं, खाऊ घालायचं, नाकं पुसायची आणि त्यांच्यामागं धावायचं. मी ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी नीट ठासून सांगितलं आणि माईक खाली ठेवला, तेवढ्यात रिक्षाला चिकटून एक आवाज आला.

"भाऊजी, हे खरं हाय का नाटकातलं?"

ही आमच्या गल्लीतली वहिनी. जामखेडकडची. हातात पिळलेली साडी, तिचं पाणी माझ्या चपलेवर पडत होतं.

"वहिनी, पगार मिळतो असं मी एकाही नाटकात ऐकलेलं नाही," मी म्हणालो. "म्हणजे हे खरंच असणार."

तिनं इकडं तिकडं पाहिलं. "मी बारावी हाय," ती म्हणाली. चोरून सिनेमा पाहिल्याचं सांगावं तसं सांगितलं. "जामखेडला केली, लग्नाच्या आधी. इथं कुनाला म्हाईत न्हाई."

"का बरं?"

"सांगून काय करायचं? बारावी केली म्हनून पोळी काय चौकोनी लाटायची का?"

ती तेव्हा एमआयडीसीतल्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. त्याच्या आधी नवराबायको ऊस तोडायला जायचे. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. हजेरीला दोन माणसं असतात, पण हत्यार एक, नाव एक. संगमनेरकडच्या फडात पाचटाच्या खोपीत त्यांची मुलगी जन्मली. ती शाळेच्या वयाची झाली तेव्हा वहिनीनं हट्ट धरला, नवऱ्यानं बैलजोडी काष्टीच्या बाजारात नेऊन विकली आणि बिऱ्हाड नगरला आलं. नवरा एका वर्कशॉपमध्ये ठेकेदाराकडं लागला. मुलगी शाळेत रमली, तिला मैत्रिणी मिळाल्या, ती गणितात आईला चुका दाखवायला लागली. सगळं बऱ्यापैकी चाललं होतं. त्या वर्षी मात्र वर्कशॉपचं काम आटलं. ठेकेदार एक दिवस बोलवायचा आणि चार दिवस फोन उचलायचा नाही.

आणि गावाकडच्या मुकादमाचा फोन यायला लागला. टोळी दसऱ्याला निघणार होती, त्याला जोड्या कमी पडत होत्या.

"ह्यांनी दसऱ्यापत्तुर थांबायचं कबूल केलंय," वहिनी म्हणाली. "तोवर काय जमलं तर ऱ्हायचं, न्हाई तर कोयता. मग पोरीला गावाकडं म्हातारा-म्हातारीपाशी ठेवायची. एकदा शाळा सुटली की सुटली, भाऊजी."

मी तिला अर्ज कुठं द्यायचा ते सांगितलं. तिनं माझ्याकडून एकच वचन घेतलं, की गल्लीत बोलायचं नाही. नाही मिळालं तर बायका वर्षभर 'काय गं मास्तरीण' म्हणून हाका मारतील. आता, शहरभर भोंगा घेऊन फिरणाऱ्या माणसाला एक गोष्ट पोटात ठेवायला सांगणं म्हणजे छळ आहे. पण मी ठेवली. बायकोलासुद्धा सांगितली नाही, आणि त्या काळात मी इतका गप्प असायचो की तिनं माझी शुगर तपासून घेतली.

गणपती बसून गेले. एके दिवशी मी केडगावच्या बाजूला डासांविषयी बोलून संध्याकाळी परत आलो, तर गल्लीच्या तोंडाशी मावशीच्या दुकानापुढं जत्रा भरलेली. मावशी म्हणजे आमची किराणावाली. गल्लीत येणारं माणूस, कुत्रं आणि पार्सल तिच्या डोळ्यांखालून जातं. तिच्या बाजूला ताई उभी होती. ताईच्या आणि वहिनीच्या घराची मधली भिंत एकच. फळीवर दादा बसले होते, मार्केट यार्डातले निवृत्त हमाल. तिघंही जिंकून आलेल्या संघासारखे दिसत होते.

"या, या," मावशी म्हणाली. "तुमी आज इथं पायजे हुते. तुमची नाटकं बघून आमी शिकलो, पर आज आमचं तुमी बघायला पायजे हुतं."

इथं आमच्या गल्लीची रीत सांगितली पाहिजे. खांद्याला बॅग, हातात फाईल आणि तोंडी कोणाचं तरी पूर्ण नाव, असं माणूस आलं की ते नाव आमच्या गल्लीत राहत नाही. मीटर तोडायला येणारे असोत, अतिक्रमणाची टेप घेऊन येणारे असोत की फायनान्सवाले. ही रीत कोणी सुरू केली ते माहीत नाही, पण तिच्यामागं एक विचार आहे. आम्ही एकमेकांना पूर्ण नावानं ओळखतच नाही. मावशी, ताई, दादा, वहिनी, पिंट्याचा बाप. ज्याला पूर्ण नाव माहीत आहे, तो माणूस ओळखीचा नाही. त्याला कागदानं पाठवलेलं आहे. आणि कागद कधी काही द्यायला आमच्या गल्लीत आल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"दुपारची येळ," मावशीनं सुरुवात केली. "एक बाई आली. चष्मा, फाईल. म्हनली, ह्या इथंच राहतात का? आन् आपल्या वहिनीचं नाव, बापाच्या नावासकट. मी म्हनलं, कोन? ती परत म्हनली. मग मी जरा आठवल्यावानी केलं. म्हनलं, त्या व्हय? त्या गेल्या की. जामखेडला. कायमच्या."

"गेल्या म्हणताना सुस्कारा सोडलास का?" मी विचारलं.

"सोडला ना. मग ती बाई म्हनली, घर तरी दाखवा. आता आली का पंचाईत?"

"मग मी म्हनलं," ताई पुढं सरकली, "घर सोडलं त्यांनी. तिथं आता एक पोलीस राहतो."

"आन् मी म्हनलं," दादा फळीवरून म्हणाले, "रातपाळीचा हाय, आता झोपलाय, आन् लई तापट हाय."

मी मनापासून दाद दिली. खरं सांगतो, नाटकात असं कोणी आयत्या वेळी रचलं असतं तर मी त्याच्या पाया पडलो असतो. बाईचं नाव काय, कुठल्या खात्याची, हे विचारायचं मला सुचलं नाही. मला त्या पोलिसाचं कौतुक वाटत होतं.

तेवढ्यात वहिनी मेसवरून आली. हाताला अजून पीठ होतं.

"ये गं," मावशी म्हणाली. "आज गल्लीनं तुला वाचवली."

"कशातनं?"

मावशीनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणखी थोडं रंगवून. वहिनी हसत ऐकत होती. मग हसू तिथंच राहिलं, डोळे तेवढे बदलले.

"फायलीवर काय लिवलं हुतं?" तिनं विचारलं.

"बालविकास का कायतरी," ताई म्हणाली. "का गं?"

वहिनीनं हातातला डबा दुकानाच्या काचेवर ठेवला. "ती माझ्या नोकरीची बाई हुती," ती म्हणाली. "मी हितं ऱ्हाते का, एवढंच बघाया आल्ती."

दादा म्हणाले, "मग पोलिसाची बदली करू की." कोणी हसलं नाही. वहिनीनं कोणाला दोष दिला नाही. "तुमाला काय म्हाईत," एवढंच म्हणाली, डबा उचलला आणि घराकडं गेली. ताईला पदराचं टोक कुठं ठेवावं ते कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी पुष्कळ वेळ विचार करत बसलो होतो. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, की अमुक योजनेचा लाभ घ्यावा, तमुक कागद घेऊन यावं. लोक ऐकतात, मान डोलावतात आणि येत नाहीत. साहेबलोक म्हणतात, लोकांना कळत नाही. मला वाटायचं, माझाच आवाज कमी पडतो. त्या दिवशी लक्षात आलं, की नोकरी द्यायला येणारी बाई आणि पत्रा तोडायला येणारा माणूस दोघं एकाच रस्त्यानं येतात, एकसारखी फाईल घेऊन, आणि दोघंही पहिला प्रश्न तोच विचारतात. बिचाऱ्या गल्लीनं फरक करायचा कसा? तिनं तर त्यातल्या त्यात प्रेमानं उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि वहिनी बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयात निघालो, तर मावशी दुकानाचं शटर ओढून तयार उभी. नवरा गेला तेव्हाचे दिवस सोडले तर मावशीनं दुकान बंद ठेवल्याचं मला आठवत नाही.

"मी येते," ती म्हणाली. "खोटं माझं हाय."

कार्यालयात त्याच चष्म्याच्या मॅडम होत्या. त्यांनी मावशीला पाहिलं आणि लगेच ओळखलं. मावशीचं तोंड कोणी विसरत नाही.

"तुम्हीच ना," मॅडम म्हणाल्या, "त्या कायमच्या गेल्या म्हणणाऱ्या?"

"व्हय. ही बगा, ही ती. गेली न्हाई."

मॅडमनी वहिनीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आणि हे? पोलीस?"

मी माझ्या भारदस्त आवाजात नमस्कार केला. "अरे, तुम्ही पाणीवाले," मॅडम म्हणाल्या. "बसा."

त्या रागावलेल्या नव्हत्या, आणि त्यामुळं ते जास्त अवघड गेलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. शेजाऱ्यांना विचारायचं हा नियम. तीन शेजाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या गोष्टींनी एकच सांगितलं, की ही बाई इथं नाही. आज त्यातलीच एक उलट सांगायला आली. "उद्या दुसरी उमेदवार म्हणेल, यांनी गल्ली जमवून साक्ष फिरवली. मी काय उत्तर देऊ? तुम्ही खोटं बोललात ते कालचं की आजचं?"

"कागद हायेत की," वहिनी पुढं झाली. तिनं पिशवीतून काढले. पण आधारवर जामखेडचा पत्ता, रेशनकार्ड गावचं, मतदान गावचं. भाडेकरार घरमालकानं कधी केलाच नव्हता. मुलीच्या शाळेचा दाखला तेवढा नगरचा, चार वर्षांपूर्वीचा.

"चार वर्षांत पत्ता का नाही बदलला?" मॅडमनी विचारलं.

वहिनीनं कागद गोळा केले. "आमाला वाटायचं, आमी आलोय तात्पुरतं."

मावशी तोवर पदर सारखा करत होती. मग तिनं असं काही केलं की मी खुर्चीतच सरसावलो. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, खरं सांगते. माझ्या दुकानाचा पत्रा सरकारी रस्त्यावर आलाय. चार-पाच हात तरी. पैल्यांदा टेप घेऊन आले तवा मीच शिकवलं सगळ्यांना, की कुनी आलं की न्हाई म्हना. हिची नोकरी माझ्यापायी ऱ्हायली. पत्रा काढायचा तर काढा, पर हिला काढू नका."

एका सरकारी टेबलापुढं, सरकारी माणसाला, आपण होऊन असं सांगणारी बाई मी पहिल्यांदा पाहत होतो. तो पत्रा म्हणजे तिचं अर्धं दुकान.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "पत्रा माझ्या खात्यात येत नाही," त्या म्हणाल्या. "अर्ज द्या लेखी. हरकतींची मुदत आहे, त्यात मी परत येऊन बघेन. पण सांगून येणार नाही."

बाहेर आल्यावर मावशी मला म्हणाली, "आता तुमचं काम. ह्या लोकांना खरं बोलायला शिकवा."

मी शिकवलं. म्हणजे प्रयत्न केला. रोज संध्याकाळी दुकानापुढं तालीम. मी मॅडम व्हायचो. बायकोचा चष्मा, हातात बिलाची जुनी फाईल.

"या बाई इथं राहतात का?" मी विचारायचो.

"राहतात म्हंजी काय," दादा म्हणायचे, "मी ह्या पोरीला पाळन्यात बगितलीय."

"दादा, ती चार वर्षांपूर्वी आलीय."

"मग चार वर्षांची पोरगी म्हनून सांगू का?"

ताईचं वेगळंच. तिच्या डोळ्यांत लगेच पाणी. "माझ्या सख्ख्या बहिनीवानी हाय वो. ताटात ताट." एवढं म्हणून ती थांबत नसे, एकदा तिनं वहिनीला मूत्रपिंड द्यायची तयारी दाखवली. मावशीचं तर असं व्हायचं, की फाईल दिसली की तिच्या तोंडून 'कोन?' आपोआप बाहेर पडायचं. मी त्यांना सांगून थकलो, की 'व्हय, ऱ्हाते' एवढंच म्हणा. दोन शब्द. ते दोन शब्द त्यांना जमेनात. खोटं कसं सांगायचं याचा त्यांना वर्षानुवर्षांचा सराव होता. फाईलवाल्या माणसाला खरं सांगायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. आणि माझं दिग्दर्शन असं, की चार दिवसांत ते तिघं एका सुरात 'व्हय, ऱ्हाते' म्हणायला लागले, शाळेतल्या कवितेसारखं. ऐकून कोणालाही शंका आली असती.

त्या दिवसांत वहिनीच्या घरातून आवाज कमी यायचा. नवरा उंबऱ्यावर बसून मोबाईल हातात फिरवायचा. मुकादमाला तो 'उद्या सांगतो' म्हणायचा. दसरा जवळ आला होता.

मग मॅडम आल्या. सकाळची वेळ, मी कामाला निघण्याच्या बेतात. वहिनी त्या दिवशी घरी होती. गल्लीत कुजबुज पसरली आणि आमचे नट आपापल्या जागी उभे राहिले. मी कोपऱ्यात थांबलो, कारण मॅडमना माझा आवाज नको होता, त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं.

"या बाई इथं राहतात?" त्यांनी विचारलं.

"व्हय, ऱ्हाते," तिघं म्हणाले. सुरात, तालात, बरोबर एका वेळी.

मॅडम हसल्या. "कोणी बसवलंय हे?" त्यांनी माझ्याकडं न पाहता विचारलं. फाईलमध्ये त्यांनी काहीच लिहिलं नाही. त्या वहिनीचं घर बघून आल्या. खोली, कॉट, दप्तर, चूल. पण खोलीत कॉट कोणाचीही असू शकते. वहिनीनं मॅडमना पाणी दिलं आणि हात एकमेकांत धरून उभी राहिली. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात टँकर आला.

पाइपलाइनच्या कामामुळं आमच्याकडं त्या महिन्यात टँकरनं पाणी यायचं, आणि टँकर कधी येईल ते मलाही माहीत नसायचं. हॉर्न वाजला आणि आमचं सगळं नाटक जागच्या जागी मोडलं. दादा फळीवरून उडी मारून उतरले. मावशीनं दुकान सोडलं. ड्रम घरंगळले, नळ्या आल्या. मॅडम मध्ये उभ्या होत्या. त्यांना कोणीतरी "बाई, बाजूला" म्हणून भिंतीकडं सरकवलं.

ताईनं आपला ड्रम पुढं रेटला. वहिनीचा ड्रम तिथं होता.

"ए, माझा नंबर हाय," वहिनी म्हणाली.

"राहू दे ना आज. तुला आता काय, तू सरकारी होनार."

"हुईन तवा हुईन. ड्रम माघं घे."

"घेत न्हाई. सोमवारी कुनी दोन ड्रम भरले? मी मोजलं न्हाई का?"

"सोमवारी तू घरी नव्हतीस, तुझाच भरला मी, तो दुसरा तुझाच हुता."

"माझा? अन् वरनं माझ्याच दारात सांडला. तुझं मोरीचं पाणी चार वर्षं माझ्या उंबऱ्यावर येतंय, कधी बोलले का मी? पहाटं पाचला कुकर. शिट्टीवर शिट्टी. माझा बाळ्या दचकून उठतो."

"मेसला जायच्या आदी माझ्या घरची डाळ तुझा बाप शिजवतो का? आन् तुझी कोंबडी? माझ्या कुरडया खाल्ल्या तवा कुटं गेल्ती तुझी बहिनीची माया?"

"कुरडया भिंतीवर वाळत घालायच्याच कशाला? भिंत माझी हाय."

"भिंत दोघींची हाय. मधल्या भेगेत सिमेंट कुनी भरलं? ह्यांनी. गेल्या उन्हाळ्यात. तुझ्या घरात पाल येती म्हनून रडत आल्तीस."

नळी मध्येच ओतत होती. दादा ओरडत होते की पाणी चाललंय. वहिनीची मुलगी दारातून "आई, माझी बस" म्हणत होती आणि आई एका हातानं तिला दप्तर दाखवत, दुसऱ्या हातानं ड्रम धरून, तोंडानं ताईशी तीन उन्हाळे मागं पोहोचली होती. कुठल्या गणपतीत कोणी कोणाची कढई नेली आणि काळी करून परत दिली ते निघालं. कोणाच्या नणंदेनं कोणाच्या नवऱ्याला काय म्हटलं ते निघालं. मी नाटकांत पुष्कळ भांडणं पाहिली, पण या भांडणाला लेखकाची गरजच नव्हती.

भिंतीला पाठ लावून मॅडम उभ्या होत्या. साडीच्या काठावर चिखल उडाला होता. त्यांनी पेन काढलं आणि उभ्या उभ्या फाईलमध्ये लिहायला लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या.

मी जवळ गेलो. "मॅडम, ह्या दोघींचं एरवी चांगलं आहे," मी म्हणालो. "आजच जरा."

"असू द्या," त्या म्हणाल्या. लिहिणं संपवून त्यांनी पेनाला टोपण लावलं. "दोन घरं सोडून राहणाऱ्या बाईशी माझंसुद्धा एवढं जमत नाही. इतकं भांडायला माणसाला बरीच वर्षं एका जागी राहावं लागतं."

मग त्या वहिनीला म्हणाल्या, "पत्ता बदलून घ्या. या आठवड्यात. सगळीकडं." आणि गेल्या.

वहिनी आणि ताई जागच्या जागी थिजल्या होत्या. ताईनं ड्रम मागं घेतला. "भर," ती म्हणाली. "भर तू आदी." वहिनीनं भरला, आणि मग ताईचाही भरला, तिच्याकडं न बघता.

वहिनीचं नाव शेवटी नोकरीच्या यादीत लागलं, ते इथंच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला उगाच टांगून ठेवायची सवय मला स्टेजवर होती, आता नाही. पण मला सांगायचंय ते यादीच्या आधीचं आहे. यादी लागायला वेळ होता. अहवाल बदलला एवढंच कळलं होतं, त्याच्या पुढं बारावीच्या मार्कांवर होतं, आणि दुसऱ्या उमेदवाराचे मार्क कोणाला माहीत नव्हते. दसऱ्याला थोडे दिवस राहिले होते. मी त्यांच्याकडं पत्ता बदलण्याचे कागद घेऊन गेलो होतो. नवरा उंबऱ्यावर, वहिनी आत तांदूळ निवडत बसलेली. फोन वाजला. त्यानं स्क्रीनकडं पाहिलं आणि बायकोकडं पाहिलं.

"मुकादम हाय," तो म्हणाला.

"मग घ्या."

"काय सांगू?"

तिनं सूप खाली ठेवलं. त्याला वाटत होतं की तिनं सांगावं. तिला कदाचित वाटत होतं की या वेळी तरी त्यानं आपण होऊन बोलावं. फोन वाजून बंद झाला. परत वाजला. आता त्यानं उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"काय रं, कुटं हाईस?" मुकादमाचा आवाज माझ्याच तोडीचा होता, त्याला भोंगा लागला नसता. "आईतवारी गाडी निघती. तुजं नाव धरलंय मी. जोडीनं यायचं."

"नाव काडा," तो म्हणाला.

"आं? का, दुसरा कुनी भेटला का? किती देतो म्हनतोय?"

"न्हाई, न्हाई. कुनी न्हाई."

"काम लागलं का तिकडं?"

"अजून न्हाई लागलं."

"मग काय करनार हाईस नगरात बसून?"

त्यानं खाली पाहिलं. आत मुलगी अभ्यास करत होती. तिची पेन्सिल थांबलेली मला दिसली. गावाकडच्या माणसाला, ज्यानं आपल्याला वाढताना पाहिलं त्याला, हे सांगणं किती जड असतं ते मला तेव्हा कळलं. त्या घरानं कोणत्याही कागदावर ते लिहिलेलं नव्हतं. गल्लीनं त्यांच्या वतीनं नाही म्हणून सांगितलं होतं, मग घोकून हो म्हणून सांगितलं होतं. त्यांनी स्वतः अजून कोणालाच सांगितलं नव्हतं.

"बसनार न्हाई," तो म्हणाला. "बगू काय ते. आमी आता हितंच ऱ्हातो."

मुकादम आणखी काही बोलला, पुढच्या वर्षीचं, गावचं. तो हूं हूं करत राहिला आणि मग फोन ठेवला. वहिनीनं सूप परत मांडीवर घेतलं. "भाऊजी," ती मला म्हणाली, "कुटं सही करायची ते दावा. आदी ह्यांची घ्या."